लाल झालेला अझोला फेकू नका

गेल्या चैत्रात आमच्या गटातल्या एका ताईंनी अझोल्याचा अख्खा खड्डा उपसून उकिरड्यावर टाकला. का, तर सगळा तांबडा झाला होता. रोग पडला, गाईला बाधेल, असं त्यांना वाटलं. महिन्याची मेहनत गेली आणि पेंडीचा खर्च परत सुरू. बियाणं मीच आणून दिलं होतं, पण ही वनस्पती दिसते कशी, ते सांगितलं नव्हतं. म्हणून आज तेच बोलते.

अझोला म्हणजे शेवाळ नव्हे. तो नेचा आहे. पावसाळ्यात विहिरीच्या दगडांतून उगवतो त्या नेच्याचा पाण्यावर तरंगणारा भाऊबंद. त्याला फूल नाही, फळ नाही. तुकडे पडून वाढतो. आपल्याकडची जात अझोला पिन्नाटा. एकेक रोप फार तर अडीच सेंटिमीटर, साधारण त्रिकोणी. तळहातावर घेऊन बघा, बारीक पानं खवल्यांसारखी एकावर एक बसलेली दिसतील. डकवीड याहून वेगळं, त्याची पानं टिकलीसारखी गोल आणि गुळगुळीत असतात.

प्रत्येक पानाचे दोन भाग. खालचा पातळ, जवळजवळ बिनरंगी, पाण्याला टेकलेला. वरचा जाड, हिरवा, आणि त्यात एक पोकळी. तिथे अ‍ॅनाबिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ भाडेकरूसारखं राहतं आणि भाडं म्हणून हवेतला नत्र धरून नेच्याला देतं. म्हणून तर वाळलेल्या अझोल्यात 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात. ओल्यात मात्र 90 टक्क्यांहून जास्त पाणीच! तेव्हा टोपलीभर घातला म्हणून पेंड एकदम बंद करू नका.

खाली मुळं पिसासारखी लोंबतात. पाणी आटलं की ती चिखलात रुततात, म्हणून चार-पाच बोटं पाणी राहू द्या.

आता तो तांबडा रंग. कडक ऊन, थंडी किंवा स्फुरदाची कमतरता असली की अझोला लाल रंगद्रव्य तयार करतो. तो रोग नाही. सावली करा, शेणकाल्यात थोडं सुपर फॉस्फेट मिसळून घाला. काळपट, लिबलिबीत होऊन घाण वास आला, तर मात्र काढून टाका.

त्या ताईंनी परवा शेडनेट बांधून नवा खड्डा केलाय. कडेचा अझोला अजून तांबूस आहे, मधला हिरवागार.