अनोळखी प्रवाळाची ओळख

पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. पण ते रत्न म्हणजे समुद्रातल्या चिमुकल्या प्राण्यांनी रचलेला सांगाडा. प्रवाळ हा प्राणी आहे. झाड नव्हे आणि दगडही नव्हे.

वाचकहो, नांदेडच्या किंवा लातूरच्या घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे, आणि तिच्यातल्या दगडावर एखादा अनोळखी जीव उगवलेला दिसला, तर काय कराल? आधी हात आवरा! बटणांसारख्या काही मऊ जातींत जबर विष असते. हातमोजे घाला, आणि असा दगड उकळत्या पाण्यात मुळीच घालू नका. वाफेवाटे विष श्वासात जाते.

मग रात्री मंद उजेडात भिंगातून पाहा. प्रत्येक जिवाला पिसांसारख्या आठ भुजा असतील, तर तो बहुधा मऊ प्रवाळ. भुजा सहाच्या पटीत आणि खाली चुन्याचा टणक सांगाडा असेल, तर तो खडक बांधणारा प्रवाळ. सांगाडा नाही आणि एकच मांसल देठ आहे, तर ते समुद्रफूल.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. खडक बांधणारे सर्व प्रवाळ, तसेच समुद्रपंखे, 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यांची खरेदी-विक्री करणे वा परवान्यावाचून ते बाळगणे गुन्हा आहे. असा जीव आढळला तर वनखात्याला कळवावे, हेच शहाणपण.

मऊ प्रवाळ असेल तर मात्र निगा राखावी. पाणी 25 ते 27 अंश सेल्सिअस, आणि लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी क्षार. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून पंखा किंवा पाणी थंड करणारे यंत्र हवेच. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. तेव्हा भर घालायची ती गोड्या, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याची. बोअरचे क्षारयुक्त पाणी नको. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना पाण्याचे मोल निराळे सांगायला नको. पेटी लहानच ठेवावी.

प्रवाळाचा रंग पुष्कळदा त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि हे शेवाळच उजेडात त्याचे अन्न तयार करते. पाणी तापले की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. 1998 साली लक्षद्वीपच्या प्रवाळांचे हेच झाले. पेटीचे पाणी आपण थंड करू शकतो. समुद्राला मात्र पंखा लावता येत नाही.