मज्जातंतूंच्या वेगाची परीक्षा

मज्जातंतूंतून धांवणाऱ्या संदेशाचा वेग मनुष्यास मोजतां येणार नाहीं, असें बर्लिनचे विख्यात शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचें मत होतें. त्यांच्याच शिष्यानें, हेल्महोल्ट्झनें, १८५० सालीं बेडकाच्या पायावर प्रयोग करून तो मोजला. तो सेकंदास सुमारें २७ मीटर भरला. विजेच्या मानानें ही चाल अगदींच मंद. वेगवान् आगगाडी तिला सहज मागें टाकील. परंतु याच मोजमापाकडे आज कांहीं घरांतील आईबाप डोळे लावून बसलेले असतात.

‘मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी’ हा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग आहे. शरीरांतील सल्फटाइड नांवाच्या स्निग्ध द्रव्याचा निचरा करणारें एक एन्झाइम या रोग्यांत जवळजवळ नसतेंच. तें द्रव्य सांचत जातें व मज्जातंतूंवरील मायेलिनचें आवरण नासूं लागतें. आई व बाप दोघेही निरोगी असतात. पण दोघांकडून सदोष जनुक आलें तरच रोग होतो, आणि हा संभव प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक असतो. मामाच्या मुलीशीं विवाहाची चाल असलेल्या कुळांत तो दोष दोन्हीकडून येण्याची भीति अधिक.

रोगाच्या सर्वांत उग्र प्रकारांत दीड-दोन वर्षांचें मूल चालूं लागतें आणि मग अडखळूं लागतें. घरची मंडळी प्रथम अशक्तपणा समजतात. पुढें चालणें थांबतें, बोलणें जातें.

परीक्षा सोपी आहे. मुलाच्या मनगटापाशीं व कोपरापाशीं विजेचा अगदीं हलका धक्का देतात, आणि आंगठ्याचा स्नायु किती वेळानें आकुंचित होतो हें यंत्र टिपतें. समजा, दोन्ही स्थानांतील अंतर १२ सेंटिमीटर आहे व दोन वेळांतील फरक सेकंदाचा अडीच सहस्रांश. म्हणजे वेग सेकंदास ४८ मीटर. तोच फरक आठ सहस्रांश भरला, तर वेग १५ मीटरच. निरोगी मायेलिनांतून संदेश टप्प्याटप्प्यानें उड्या घेत जातो; आवरण झिजलें कीं त्या उड्या अडखळतात. मात्र आंकड्याचा अर्थ वयाखेरीज लागत नाहीं. नवजात अर्भकाचा २५ मीटर वेग निरोगीच असतो. चार वर्षांच्या मुलांत तोच रोगाची खूण ठरतो. शिवाय या रोगांत बहुधा हातापायांच्या सर्व तंतूंची गति सारखीच मंदावते. अकस्मात् जडणाऱ्या तंतुदाहांत ती कोठें कमी तर कोठें ठीक असते, आणि हा भेद न ओळखल्यानें कित्येकदां निदान चुकतें.

मेंदूची परीक्षा कानाच्या द्वारें होते. कानाशीं टिकटिक आवाज करून डोक्यावर लावलेल्या पत्र्यांनीं उमटणाऱ्या लहरी टिपतात. पहिली लहर श्रवणतंतूची, पांचवी मेंदूच्या देठाच्या वरच्या भागांतली. दोहोंमधील अंतर निरोगी माणसांत सेकंदाचे सुमारें चार सहस्रांश असतें. या रोगांत तें लांबतें. मूल निजलेलें असलें तरी हें काम साधतें. बर्गरनें १९२९ सालीं प्रसिद्ध केलेला मेंदूच्या विद्युल्लहरींचा आलेख मात्र आरंभीं फारसा उपयोगी पडत नाहीं. त्याची ख्याति त्याच्या कामाहून थोडी मोठीच आहे.

हीं यंत्रें रोगाचें नांव सांगत नाहींत. त्याकरितां रक्तांतील एन्झाइम, लघवींतील सल्फटाइड व जनुक हीं तिन्ही पाहावीं लागतात, कारण नुसतें एन्झाइम कांहीं निरोगी माणसांतही कमी आढळतें.

यूरोपांत २०२० सालीं व अमेरिकेंत २०२४ सालीं जनुकोपचारास मान्यता मिळाली. मुलाच्याच मज्जेंतील मूळपेशींत निर्दोष जनुक घालून त्या परत देतात. अमेरिकेंत त्याची किंमत साडेबेचाळीस लक्ष डॉलर ठरविली गेली. उग्र प्रकारांत हा उपचार लक्षणें दिसण्यापूर्वींच करावा लागतो. मोठें मूल आजारी पडल्यावर रोग कळतो, तेव्हां बहुधा त्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून निदान होतांच पाळण्यांतल्या धाकट्या भावंडाचें रक्त तपासावयास घेतात, आणि दोष आढळला तर त्याच्याही इवल्याशा हातावर ते पत्रे लावून वेग मोजूं लागतात.