परळच्या वाटेवरचा आधार

मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या रापणकर मच्छीमाराच्या घरी कर्करोगाचे निदान होते, तेव्हा रोगाच्या भयाइतकाच दारुण प्रश्न मुक्कामाचा असतो. कारण उपचारांसाठी गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय गाठावे, की १९४१ साली परळला उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय, हे ठरले तरी महिनोन्‌महिने राहायचे कोठे, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही.

ते उत्तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने दिले आहे. तेथे अल्प मोबदल्यात निवारा मिळतो. आणि समदुःखी माणसांचा जो शेजार लाभतो, तो मला औषधाहून तिळमात्र उणा वाटत नाही. बालरुग्णांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड या संस्थेची केंद्रे विनामूल्य आसरा देतात. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापिलेली इंडियन कॅन्सर सोसायटी गरजूंच्या उपचारखर्चाला साहाय्य करते.

प्रवासाचा भार रेल्वे हलका करते. रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला सादर केल्यास उपचारार्थ जाणाऱ्या रुग्णाला शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते, आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते. कुडाळ वा कणकवलीहून निघणाऱ्या कुटुंबाला ही बचत क्षुल्लक नव्हे. उपचारांच्या खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत.

मात्र अर्ज, शिफारस, दाखला यांची वाट अनोळखी माणसाला दुर्गम भासते. म्हणून घरदार, दागिने वा होडी गहाण टाकण्यापूर्वी, पहिल्याच दिवशी, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची संकोच न धरता भेट घ्यावी.