निखळलेला दात दुधात का?

लातूर-नांदेडच्या गल्लीत क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसतो आणि दहा वर्षांच्या पोराचा पुढचा दात मुळासकट मातीत. घरचे तो नळाखाली खसाखसा घासून कागदात गुंडाळतात. घात होतो तो तिथेच. मुळावर धाग्यांचं पातळ अस्तर असतं; त्यातल्या जिवंत पेशीच दात हाडाशी पुन्हा जोडतात. कोरड्या पडल्या की त्या तासाभरात मरतात. साध्या पाण्यात मनुक्यासारख्या फुगून फुटतात. दुधात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण पेशींशी जुळतं, म्हणून त्यात काही तास तगतात.

दात मुळाला न धरता उचला, थंड दुधात टाका, थेट दंतवैद्य गाठा. दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयं आहेत. उदगीर-किनवटहून निघालात तर वाटेत टपरीवरचं दूध चालेल, पण गार, कढत नको. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते.