वहीतलं ‘पानी’

बी.एड.च्या मराठी अध्यापन पद्धतीत कृतिसंशोधनाचा एक विषय वर्षानुवर्षं ठरलेला: विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका, कारणे व उपाय. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी आणि शेवटी गुणवाढीचा आलेख. आदल्या तुकडीच्या फायलीवरून उतरवलेले अहवालही यात असतात, आणि त्याचं वाईट वाटतं. कारण जो छात्राध्यापक खरोखर वह्या घेऊन बसतो, त्याच्या हाती मोलाचं काही लागतं.

तो चुका मोजता मोजता त्यांचे गट पाडतो. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन आला?’ असा ‘ण’च्या जागी ‘न’ लिहिणाऱ्यांचा एक मोठा गट निघतो. ही मुलं घरी जसं बोलतात, तसंच लिहितात. कालपर्यंत तो अशा शब्दांभोवती लाल गोल करून ‘दहा वेळा लिही’ म्हणत होता. आता त्याला वेगळाच प्रश्न पडतो: या मुलांना ‘ण’ आपण नीट ऐकवला तरी का? पुढच्या पाठाच्या टाचणात श्रुतलेखनाच्या आधी उच्चाराचा खेळ येतो.

या दृष्टीमागे मोठा प्रवास आहे. १९४६ मध्ये कर्ट लेविन यांनी कृतिसंशोधन मांडलं ते सामाजिक प्रश्नांसाठी. स्टीफन कोरी यांच्या १९५३ च्या पुस्तकाने अमेरिकेत ते शाळेच्या कामाशी जोडलं. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकानेच संशोधक व्हावं असा आग्रह धरला, तर १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी काम करताना होणारा विचार आणि काम उरकल्यावरचा विचार वेगळे करून दाखवले.

मेरी बड रो यांचं काम विज्ञानाच्या तासांवरचं, पण भाषाशिक्षकाला तितकंच लागू. तासांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आज खिशातल्या मोबाइलवर कवितेचा तास ध्वनिमुद्रित करून कोणताही छात्राध्यापक हे स्वतःवर ताडून पाहू शकतो. स्वतःचाच अखंड आवाज ऐकणं जड जातं, पण ते ऐकायलाच हवं.

आपल्याकडे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतला काळ एकूण वीस आठवड्यांवर गेला. पूर्वीच्या एका वर्षात सराव पाठांची संख्या भरतानाच दम निघायचा. आता त्याच मुलांच्या वह्या पुन्हा पुन्हा बघता येतात.

नोकरीत अहवाल कुणी मागत नाही. तरी ज्याने एकदा मनापासून वह्या चाळल्या, त्याच्या टाचणवहीच्या समासात तासानंतर एखादी ओळ उमटते: आज मागच्या बाकावरून कुणीच बोललं नाही, उद्या सुरुवात तिथून.