पासवर्ड न विचारताच उघडलेले दार

‘पासवर्ड कुणाला सांगू नका’, असे आपल्याला बँकेत आणि मोबाईलवर वारंवार बजावले जाते. ते योग्यच आहे. पण पासवर्ड चोरीला न जाताही चोर आत शिरू शकतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ मधले उदाहरण पाहा. अमेरिकेतील कनेक्टवाइज कंपनीचे ‘स्क्रीनकनेक्ट’ नावाचे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या साहाय्याने दूर बसलेला तंत्रज्ञ दुसऱ्याचा संगणक चालवून दुरुस्त करतो. म्हणजे ते ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती अनेक संगणकांच्या किल्ल्या.

हे सॉफ्टवेअर प्रथम बसवताना एक पान उघडते. त्यावर मुख्य चालकाचे नाव आणि पासवर्ड ठरवायचा. एकदा ते काम झाले की ते पान पुन्हा उघडता कामा नये. त्यासाठी पहारा होता. पण तो पहारेकरी पानाचा पत्ता अक्षरशः जुळतो का, एवढेच पाही. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ जादा दिली की त्याला पत्ता निराळा वाटे, आणि तो अडवत नसे. पान उघडणारी यंत्रणा मात्र रेघेकडे दुर्लक्ष करून तेच पान उघडून देई. मग परका माणूस नवा मुख्य चालक बनून बसे. खऱ्या मालकाचा पासवर्ड कितीही अवघड असो, तो विचारलाच जात नव्हता!

या दोषाला धोक्याच्या मापावर १० पैकी १० गुण मिळाले. १९ फेब्रुवारीला कंपनीने तो जाहीर केला. आपल्या ताब्यातील सर्व्हर तिने स्वतः दुरुस्त केले, इतरांनी २३.९.८ ही सुधारित आवृत्ती बसवायची होती. काही दिवसांतच चोरांनी उशीर करणाऱ्यांना गाठले. काही ठिकाणी खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे प्रोग्राम सोडले गेले.

तात्पर्य, पैसे गेले की ‘तुम्हीच पासवर्ड सांगितला असेल’ असे म्हणून चौकशीआधीच गरीब खातेदाराला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे आहे. प्रत्येक दारावर तपासणी ठेवणे हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचे काम, आणि दुरुस्ती वेळेवर बसवणे हे कार्यालयाचे.

आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत नफातोट्याबरोबर दोन प्रश्न जरूर विचारा. संगणकाच्या सॉफ्टवेअरची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला बसवली? आणि मुख्य चालकांच्या यादीत अनोळखी नाव नाही ना, हे कुणी तपासले? कारण दार नंतर बंद केले, तरी आधीच आत आलेला चोर आपोआप बाहेर जात नाही.