शुक्रवारची दुपार, बॉस्टन

बॉस्टनचं डब्ल्यूजीबीएच रेडिओ केंद्र सुरू झालं ६ ऑक्टोबर १९५१ रोजी. पहिलंच प्रक्षेपण सिम्फनी हॉलमधून थेट झालं. वाजवत होता बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर शार्ल म्युन्श. वाद्यवृंद १८८१चा, केंद्र त्या दिवशी जन्मलेलं, तरी नातं यजमान-पाहुण्याचं नव्हतं. केंद्रामागे लॉवेल इन्स्टिट्यूटने उभारलेली सहकारी परिषद होती आणि वाद्यवृंदही तिचा सभासद होता. व्यापारी जाहिराती नसल्यामुळे सिम्फनी लांबली म्हणून कुणी कपाळाला आठ्या घालत नसे.

शुक्रवारी दुपारची मैफल रेडिओवरून थेट जायची. २२ नोव्हेंबर १९६३चा शुक्रवारही तसाच सुरू झाला. मध्येच कंडक्टर एरिक लाइन्सडॉर्फ श्रोत्यांकडे वळले आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी आल्याचं त्यांनी सांगितलं. सभागृहात एकदम धक्क्याचा उद्गार उठला. आता बेथोवनच्या तिसऱ्या सिम्फनीतला शोकसंचलनाचा भाग वाजवतो, असं ते म्हणताच दुसरा उद्गार उठला. बातमी खरी आहे, हे लोकांना बहुधा तेव्हाच पटलं. ठरलेल्या कार्यक्रमात नसलेल्या त्या रचनेची स्वरलिपी ग्रंथालयातून आणून वादकांत ऐनवेळी वाटली गेली होती. हे सगळं ध्वनिमुद्रित झालं, ते आजही ऐकता येतं. कुणी इतिहास टिपायला गेलं नव्हतं; माइक दर शुक्रवारी असायचे, म्हणून त्या दिवशीही होते.

डब्ल्यूजीबीएचची दूरचित्रवाणी १९५५मध्ये आली. १९७०पासून तिच्यावरच्या ‘ईव्हनिंग अ‍ॅट पॉप्स’ने याच वाद्यवृंदाच्या हलक्याफुलक्या मैफलींचे कंडक्टर आर्थर फीडलर यांना अमेरिकाभर घरोघरी पोहोचवलं. कार्यक्रम २००५पर्यंत चालला. नाव त्याने झालं, यात वाद नाही. पण मैत्री मुरली ती रेडिओवर.

२००९मध्ये डब्ल्यूजीबीएचने डब्ल्यूसीआरबी हे शास्त्रीय संगीताचं केंद्र विकत घेतलं. संगीत त्या केंद्राच्या ९९.५ मेगाहर्ट्झवर गेलं, मूळ ८९.७वर बातम्या आणि चर्चा आल्या. त्या फेरबदलात शुक्रवारचं थेट प्रक्षेपण बंद झालं. हिशेबाच्या वहीत ते बरोबर असेलही, माझ्या मते तो निर्णय चुकला. दुपारी घरी असणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा कार्यक्रम काढून घेताना केंद्राने आपली सर्वांत जुनी सवय मोडली.

शनिवारी रात्रीच्या मैफलीचं प्रक्षेपण मात्र राहिलं. हंगामात तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट, साडेपाच किंवा साडेसहा. इंटरनेटवर ती ऐकता येते; एखाद्या रविवारी चहासोबत लावून पाहा.